थोरल्या रॅमचा वेग

एवढं पळायला तुला जमेल का, असं दादाला कोणी विचारलं होतं का?

ओजसनं घरीच गेमिंगचा कॉम्प्युटर जोडला, तेव्हाची गोष्ट. त्यात आम्ही दोघे रॅम भाऊ शेजारी शेजारी बसायचो. कंपनीनं ठरवलेल्या वेगानं आमचं छान चाललं होतं. ओजसला मात्र गेम आणखी पळवायचा होता. त्यानं आमचा वेग वाढवला.

"वा! वाघ आहात दोघं!" प्रोसेसरसाहेब म्हणाले. साहेबांच्या डोक्यावर भलामोठा पंखा, त्यांना कसला घाम! आमच्या डोक्यावर रंगीत दिवे. तेवढा मान पुरे, नाही का?

दादाला आकडे आठवेनात. गेम मध्येच बंद पडू लागला. "धाकल्या, मला झेपत नाही रे," दादा म्हणाला. ओजसनं थोर उपाय शोधला. वेग तसाच ठेवून त्यानं वीज वाढवली. दादा तापत गेला आणि कायमचा गप्प झाला.

"माल कच्चा होता," साहेब म्हणाले. पंखा "हो हो" करत फिरला. तो कशालाही तसाच फिरतो.

"हाच खराब निघाला," म्हणत ओजसनं दादाला टेबलावर टाकलं. मग मला दादाच्या जागी बसवून त्याच वेगानं तपासणी लावली.

मला तो वेग सहज झेपत होता. तरी मी मुद्दाम चुकलो. पडद्यावर लाल ओळी आल्या, तरी चुकत राहिलो. ओजस टेबलाकडे बघून "अरेरे, तो खराब नव्हता, मीच वेग जास्त लावला" असं म्हणेपर्यंत चुकत राहिलो.