शिंगं वरच राहिली

"एकट्यानं शिकारीला जाणाऱ्यानं शिंगं घेतल्याशिवाय डोंगर उतरायचा नाही. आणि का, ते विचारायचं नाही."

बंदूक हातात देण्याआधीच मेमे नोर्बूंनी यांगडोलला हे बजावलं होतं. बर्फाच्या त्या मुलखात आजोबांना मेमे म्हणतात, आणि नोर्बू तर गावातल्या सगळ्या शिकाऱ्यांचे गुरू.

तेच गुरू आता चुलीपाशी, शिकाऱ्यांच्या घोंगडीवर बसून जेवत होते. त्यांच्या शेजारी गावातले म्हातारे. यांगडोल मात्र हातात डाव घेऊन उभी. रानमेंढा एकटीनं गाठला, मारला, सोलला, मांस पाठीवर वाहून आणलं, आणि शिजवून वाढतही तीच होती.

"शिंगं कुठायत?" रिगझिननी पुन्हा विचारलं. गावात त्यांचा शब्द चाले. तोंडातला घास त्यांनी या गालातून त्या गालात ढकलला.

"वर. खडकावर ठेवलीत."

"का?"

"बर्फ पडायला लागलं होतं. एकच खेप होणार होती. मुंडकं आणायचं की मांडी? मांडी आणली."

"आणि नियम?"

"माझ्या आईला शिंगं चावता येत नाहीत."

कुणीतरी फिसकन हसलं. रिगझिन हसले नाहीत.

"पोरी, आपण फक्त म्हातारा नर मारतो. शिंगं गालाभोवती पुरती वळलेला. तू कोवळी मादी मारली नाहीस कशावरून?"

"मी सांगतेय ना!"

"तू सांगतेस!" त्यांनी घास पुन्हा गाल बदलून चावला. "उद्या वर जा, शिंगं आण, मग या घोंगडीवर बस. नाहीतर बंदूक परत दे. मायलेकींना वाटणीचं मिळतंय की."

वाटणीचं म्हणजे मान आणि खूर. वडील गेल्यापासून यांगडोल तेच उकळत आली होती.

तिनं गुरूंकडे पाहिलं.

"मेमे, तुम्ही तरी बोला."

नोर्बू चावत होते...

"मेमे!"

त्यांनी बोट वर केलं. थांब.

यांगडोलच्या मस्तकात तिडीक गेली. या माणसानं तिला वाऱ्याची दिशा ओळखायला शिकवलं, श्वास रोखून दगडासारखं पडून राहायला शिकवलं. आणि आज तिच्या बाजूनं एक शब्द बोलायचा, तर याचा घास संपेना!

तिनं डाव पातेल्यात आदळला. रस्सा चुलीत उडाला, चर्र झालं.

"मी जाणार नाही. वर खिंड बर्फानं भरलीय. तुम्हाला दाखवायला म्हणून मी मरणार नाही. ज्याला शिंगं बघायचीत, त्यानं जावं. बंदूकही देणार नाही." ती क्षणभर थांबली. "आणि का, ते मला विचारायचं नाही."

कुणी वाडग्यात पाहिलं, कुणी चुलीत...

फक्त जबड्यांचा आवाज येत राहिला.

नोर्बूंनी तोंडातला घास काढून तळहातावर घेतला. चुलीच्या उजेडात हात सगळ्यांसमोरून फिरवला. इतका वेळ चावूनही घास होता तसाच होता.

तो त्यांनी परत तोंडात टाकला. मग घोंगडीवर थोडे सरकले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर थाप मारली.

"बस, यांगडोल," ते म्हणाले. "रिगझिन, तू तुझी कोवळी मादी चावत राहा."