ढिगाखालची लोकर

लहानांनो, आणि लहानांना मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्यांनो, ही फार जुन्या काळातली गोष्ट आहे. किती जुन्या, ते विचारू नका. तिथल्या राजाचं नाव लोक विसरले, राज्याचंही विसरले. पण त्या राज्यात थंडी कडाक्याची पडायची, एवढं मात्र अजून सगळ्यांच्या लक्षात आहे.

त्या राज्यात एका डोंगराच्या पायथ्याशी घोंगड्या विणणारं एक गाव होतं. घोंगडी म्हणजे मेंढीच्या लोकरीची, काळी, राठ, जाडजूड. अंगावर घेतली की टोचते, पण थंडीला आत येऊ देत नाही. डोंगरावरची माणसं ह्याच घोंगड्यांवर हिवाळा काढायची.

ह्या साऱ्या कामाची मालकीण होती म्हाळसा. आधी सासरे गेले, मग नवरा गेला, आणि कारभार तिच्या अंगावर पडला. बाई मनानं मऊ, पण कामाला पक्की. धनगर माळावर मेंढ्यांची लोकर कातरायचे, पिंजारी ती ओढ्याकाठी पिंजायचे, टेकाडावरच्या बायका तिचं सूत कातायच्या आणि म्हाळसाच्या गावातले विणकर मागावर घोंगडी विणायचे. असा एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाणारा तो धंदा होता.

आणि तो धंदा बसत चालला होता.

घोंगड्या तयार व्हायलाच उशीर लागायचा. इतका, की त्या डोंगरावर पोचेपर्यंत तिथले लोक सावली शोधत फिरत असायचे. उन्हाच्या तोंडावर घोंगडी कोण घेणार? माल जसा गेला तसा परत यायचा. खर्च मात्र कुणासाठी थांबत नव्हता. वखारी शाकारायच्या, मजुरी द्यायची, बैलांना चारा घालायचा. शेवटी डोंगरावरच्या लोकांनी पलीकडच्या राज्यातून पातळ आणि महाग कांबळी आणायला सुरुवात केली. पोरं रात्रभर कुडकुडायची, पण वेळेवर मिळतं ते बरं, असं लोक म्हणू लागले.

एक दिवस म्हाळसाचा कारभारी तिच्यासमोर येऊन उभा राहिला. माणूस वाईट नव्हता. धंदा बुडेल ह्या काळजीनं त्याला घास गोड लागत नव्हता.

"बाई, रागावणार नसाल तर बोलतो," तो म्हणाला. "आपलं घोडं कुठं अडतंय ते मला उमगलंय. ठकूमावशीपाशी. समद्या बायकांचं सूत येतं, तिचं मागनं येतं. म्हातारी झाली ती. तिच्या जागी दोन तरण्या पोरी बसवू."

म्हाळसाला जुने दिवस आठवले. ती नवी नवरी होऊन ह्या गावात आली, तेव्हा ठकूनंच तिला चरखा शिकवला होता. माहेरच्या आठवणीनं ती रडायला लागली की ठकू स्वतःच्या पदरानं तिचं नाक पुसायची आणि म्हणायची, "रड पोरी, पर धागा तोडू नगंस." ठकूला मूल ना बाळ. चरखा काढून घेतला, तर सकाळी उठायचं कशासाठी, असा प्रश्न तिला पडला असता.

पण कारभारी खोटंही बोलत नव्हता. ठकूचं सूत खरोखरच उशिरा यायचं.

"मला एकदा समदी वाट चालून बघू द्या," म्हाळसा म्हणाली. "मग सांगते."

"कसली वाट, बाई?"

"लोकर ज्या वाटंनं येती ती."

"लोकर तर गाडीतनं येती."

"मग गाडी काय करती ते बघते," म्हाळसा म्हणाली, आणि भाकरी बांधून घेऊन निघाली.

पहिल्यांदा ती माळावर धनगरांच्या तळावर गेली. तिथं कातरी झपाझप चालत होत्या. कुणी घडीभर बसत नव्हतं. कातरलेली लोकर एका खांबापाशी टाकली जात होती आणि खांबावर, माणसाच्या डोक्याच्या वर, गेरूची एक खूण होती.

"गाडी कधी जुपणार, दादा?" म्हाळसानं म्हाताऱ्या धनगराला विचारलं.

"ढीग खुणंला लागला की."

"आन तवर?"

"तवर काय? लोकर बसती."

"मग तिच्यासंगं मी बी बसते," म्हाळसा म्हणाली आणि खरंच बसली. एक दिवस गेला, दुसरा गेला. जावई सासुरवाडीला लोळतो तशी लोकर निवांत पडून होती आणि माणसं मात्र घाम गाळत होती. भोवती राबणाऱ्या त्या माणसांकडे बघून म्हाळसाला पहिल्यांदा वाटलं, इथं आळशी कुणी असेल तर तो हा ढीग.

खुणेचा तो नेम तिच्या सासऱ्यांनी घातला होता. त्यांच्या काळी वाटेत दाट रान होतं, रानात लांडगे होते आणि चोरही होते. म्हणून माल साठवायचा, गाडी गच्च भरायची आणि चार काठीवाले सोबत देऊन एकदाच धाडायची. तेव्हा ते शहाणपणाचंच होतं. पुढं रान विरळ झालं, लांडगे गेले. चोर म्हातारे होऊन नातवंडं खेळवू लागले. नेम मात्र राहिला. इतकंच नाही, तर अर्धा ढीग हलवला की घरची बरकत जाते, असं जो तो मानू लागला होता.

तिथून म्हाळसा ओढ्याकाठी पिंजाऱ्याकडे गेली. तिथंही खांब, तिथंही खूण, तिथंही ढीग. पिंजारी ढिगाच्या तळाशी हात घालून लोकर ओढत होता आणि ओंजळीच्या ओंजळी बाजूला फेकत होता.

"ही का टाकली?" तिनं विचारलं.

"कसरीच्या किडीनं खाल्लीय, बाई. दरसाली तळची एवढी जातीच."

"आन बाकीची?"

"दबून दबून तिचं गोळं झाल्यात. एकदा पिंजून भागत न्हाई, दोनदा पिंजावी लागती. मजुरी बी दोनदा पडती. त्यो काय माझा दोष न्हाई."

दोष त्याचा नव्हताच. म्हाळसानं त्या फेकलेल्या लोकरीकडे पाहिलं. कुठल्यातरी मेंढीनं वर्षभर अंगावर वाढवलेली, कुणीतरी उन्हात बसून कातरलेली लोकर होती ती. ती वाया घालवायलाही म्हाळसानंच मजुरी मोजली होती.

मग ती टेकाडावर ठकूच्या दारात गेली. ठकूनं तिला पाहिलं नाही. म्हातारी खाली मान घालून बसली होती. पिंजलेल्या लोकरीचे पेळू तिच्यापर्यंत यायचे, पण तेही आधी ढिगात पडून, मग गाडीत चेपून. त्यांचे पुन्हा गोळे व्हायचे. ठकू एकेक गोळा बोटांनी सोडवत होती, त्यातला काडीकचरा वेचत होती. बोटांना तिनं चिंध्या गुंडाळल्या होत्या. चरखा शेजारी नुसताच उभा होता.

तरण्या बायका गोळे तसेच कातून मोकळ्या व्हायच्या. विणकर मग त्यांच्या सुतातल्या गाठी तोडत बसायचा. ठकूच्या सुताला गाठ नसायची, म्हणून तर तिला वेळ लागायचा.

"मावशी," म्हाळसानं हाक मारली.

ठकूनं चिंध्यांचे हात पटकन पदराखाली घेतले. "आलीस व्हय," ती म्हणाली. मग म्हणाली, "माझ्या हातात आता जोर न्हाई राहिला गं. दिस उगवायच्या आधी बसते, तरी मागंच राहते. परवा कारभारी येऊन गेला. बोलला काय न्हाई, पर चरख्याकडं बघत हुता. सांगायचं असंल तर तूच सांग, म्हाळसा. दुसऱ्या कुणाच्या तोंडून नगं."

ठकूच्या पायांना हात लावून म्हाळसा तशीच मागं फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती माळावर गेली. मेंढीच्या अंगावरून नुकतीच उतरलेली लोकर तिनं पाटीत घेतली. धनगर हां हां करीत होते, ढिगाला हात लावू नका म्हणत होते, तरी घेतली. ती पाटी डोक्यावर घेऊन ती पिंजाऱ्याकडे गेली, समोर बसून पिंजून घेतली आणि ऊन डोक्यावर यायच्या आत पेळू ठकूच्या मांडीवर आणून ठेवले.

"एवढं कात मावशी."

ठकूनं पेळूचं टोक चरख्याच्या चातीला लावलं आणि चाक फिरवलं. धागा सुटला तो सुटतच राहिला. ना गाठ, ना तूट. म्हातारीचा हात वर जात होता, खाली येत होता, जसा म्हाळसाच्या लग्नाच्या वर्षी जात होता तसाच. पेळू संपले तेव्हा ठकू चकित होऊन रिकाम्या पाटीत बघत बसली.

"ही कुठल्या मुलखाची लोकर म्हणायची?"

"आपलीच की. सकाळी मेंढीच्या अंगावर हुती."

"म्हंजी माझं हात..."

"तुझं हात चांगलं हायत, मावशी. लोकरच निजून निजून खराब हुत हुती."

ठकू बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिली. मग ती रडली, आणि ह्या वेळी म्हाळसानं तिचं नाक आपल्या पदरानं पुसलं.

म्हाळसानं सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि ढीग मोडायचं ठरवलं आहे, असं सांगितलं. एकच गलका झाला.

"अर्धी गाडी हाकायची?" कारभारी म्हणाला. "खर्च डोक्यावर बसंल, बाई. आन थोरल्या मालकांचा नेम हाय त्यो."

सासऱ्यांचं नाव निघालं तशी म्हाळसा घुटमळली. तिचा त्यांच्यावर फार जीव होता. आपण त्यांचा शब्द मोडतो आहोत, हे तिला टोचत होतं. तरी ती म्हणाली, "मामंजींनी नेम केला तवा वाटंवर लांडगं हुतं. आज ते असते तर त्यांनीच ती खूण पुसली असती. आन गाडी हाकायचीच न्हाई. धनगरणी रोज दूध घिऊन ओढ्याकाठनंच गावात येतात. जे जातंय त्यानं एक पाटी न्यायची."

मग तिनं कामाची रीत सांगितली. प्रत्येकाची पाटी रिकामी झाली, की ती त्यानं मागच्याकडे, म्हणजे जिथून माल आला त्याच्याकडे, धाडायची. रिकामी पाटी आली, की मागच्यानं ती भरून द्यायची. पाटी आली नाही, तर पुढच्याला गरज नाही असं समजून हात थांबवायचा.

लोकांना सगळ्यात जड गेलं ते हात थांबवणं. जन्मभर ज्यांनी ढीग उंच केला, त्यांना पाठ टेकून बसायची लाज वाटायची. आणि पहिला घाणा तर सपशेल फसला. काळी, तपकिरी, पांढरी लोकर येईल तशी पुढं गेली आणि घोंगडी निघाली चितकबरी. विणकर वैतागले. कारभारी मिशीतल्या मिशीत हसला. म्हाळसा मात्र चुकीला चूक म्हणाली, माळावर जाऊन धनगरांबरोबर बसली आणि रंगारंगाची पाटी वेगळी केली. त्यानंतर ठिपका आला नाही.

हळूहळू वखारी रिकाम्या झाल्या. कसरीला खायला काही उरलं नाही. पिंजारी एकदाच पिंजू लागला. तळची लोकर फेकायची पाळी येईना, म्हणून तेवढ्याच मेंढ्यांवर जास्त घोंगड्या निघाल्या. खर्च उतरला तशी म्हाळसानं घोंगडीची किंमतही उतरवली. मजुरी मात्र कुणाची कापली नाही. आणि थंडीचं पहिलं वारं सुटायच्या आत कारभारी खेचरांवर घोंगड्या लादून डोंगर चढला.

तो परत आला तेव्हा खेचरं रिकामी होती. वर एका आईनं तान्ह्या पोराला घोंगडीत गुंडाळलं, पोर तिथल्या तिथं झोपलं, आणि ती आई कारभाऱ्यालाच हात जोडू लागली. ते बघून त्याला वर थांबवेना. गावात आल्यावर तो घरी गेला नाही. टेकाड चढून ठकूच्या दारात जाऊन उभा राहिला.

"मावशी, डोंगरावर आजून घोंगड्या मागत्यात. सूत देशील?"

"दिलं असतं रं," ठकू म्हणाली, "पर रिकामी पाटी कुठं आली अजून?"

कारभारी हसला, मग तिथंच उंबऱ्यावर बसला. "मावशी, मी तुला काढायला निघालो हुतो. समदा खोळंबा तुझ्यामुळं हुतो, असं मी बाईंना सांगितलं हुतं."

"ठावं हाय मला," ठकू शांतपणे म्हणाली. "मी बी तसंच समजत हुते. कैक सालं रोज सकाळी उठून माझ्याच हातांना शिव्या देत हुते."

कारभारी उठून विणकरांकडे गेला, रिकामी पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि भर उन्हात, सगळ्या गावाच्या देखत, पुन्हा टेकाड चढू लागला.

तात्पर्य: कामाला उशीर झाला, तर माणसाच्या हातांना दोष देण्याआधी काम कुठं पडून राहतं ते स्वतः चालत जाऊन पाहावं.