देवाशी भांडलेला घेवडा

डोंगरातल्या एका संस्थानात पौषात अशी कडाक्याची थंडी पडली की शिवारातला सगळा घेवडा करपून गेला. द्वारकाबाईचं वावर मात्र शेंगांनी लगडलेलं होतं. शेण, गूळ आणि वडाखालची माती पाण्यात आंबवून त्यात तिनं पेरणीआधी बी भिजवलं होतं.

कारभारी त्र्यंबकरावांना हे खुपलं. त्यांनी तिला भर दरबारात उभं केलं.

"थंडी देवानं धाडली, ती निमूट सोसावी. पिकाला औषध पाजणं म्हणजे देवाशी भांडण! महाराज, हिचं पीक उपटून टाका."

इतक्यात त्र्यंबकरावांना खोकल्याची उबळ आली. सेवकानं लगबगीनं आल्याचा वाफाळता काढा पुढे केला आणि ते फुंकर घालत पिऊ लागले.

द्वारकाबाईनं हात जोडले. "कारभारीसाहेब, माझा घेवडा देवाशी एकदाच भांडला. आपण दिवसातून किती वेळा भांडता?"

दरबार खदखदून हसला. महाराजांनी डोळे पुसत हुकूम सोडला, "यापुढे सगळ्यांनी बी हिच्यासारखंच भिजवून पेरावं!"

पुढच्या पौषात थंडी तशीच पडली, पण घरोघरी घेवड्याची उसळ शिजली. कारभाऱ्यांकडे तर दोन्ही वेळा.