पुरसोबुवा ऑपेराला जातात

"आणि यात हसायचं केव्हा?" पुरसोबुवांनी विचारलं.

"हळू, बुवा. इथं मधे बोलत नाहीत," श्रीरंग कुजबुजला.

"हसतात तरी ना? विनोदी आहे म्हणालास..."

पणजीच्या त्या थंडगार सभागृहात साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या इटालियन ऑपेराचा दुपारचा प्रयोग होता. शेजारच्या व्हायोलिन शिकवणाऱ्या सरांनी दोन पास दिले, म्हणून गुरुशिष्य आले होते. बुवा धोतर-टोपीत आणि बाकीचे सारे अत्तरात.

श्रीरंग टेंगसे अकरा वर्षं बुवांकडे ख्याल शिकत होता. गळा तयार, लय पक्की. खोड एकच. प्रत्येक तान आधी वहीत लिहायची, महिनाभर घोटायची आणि मगच गायची. स्वतः चुकणं त्याला ठाऊक नव्हतं आणि दुसऱ्याची चूक सोसत नव्हती.

देवळाच्या उत्सवात समितीनं त्याला पहिली स्वतंत्र मैफल देऊ केली होती. होकार आज संध्याकाळपर्यंत कळवायचा होता. बुवांच्या परवानगीशिवाय तो गाणार नव्हता, आणि बुवा दोन महिने नुसतं "बघू" म्हणत होते. तो गायला बसला की अर्ध्यातून उठून जास्वंदीला पाणी घालायला जात.

पडदा वर गेला. स्वर्ग नाही, डोंगर नाही. कपडे धुण्याचं आजकालचं दुकान होतं आणि ओळीनं सहा वॉशिंग मशीन. देवांचा राजा बनियनवर उभा. रंगमंचाच्या वर एका पट्टीवर इंग्रजीत अर्थ उमटत होता. राजा कुणा अप्सरेवर भाळला होता आणि राणी त्याचे सदरे एकेक करून हुंगत होती.

"देव म्हटले की असंच," बुवा समाधानानं म्हणाले.

मग म्हातारी दाई आली. अंगानं जाडजूड, डोक्यावर कुरळ्या केसांचा टोप आणि आवाज पुरुषाचा.

बुवा खुर्चीत पुढे सरकले. पंचविशीपर्यंत देवळाच्या नाटकांतून त्यांनीही नऊवारी नेसून बायकांच्या भूमिका केल्या होत्या.

दाईनं एक ओळ गायली, दुसरीकडे फिरून आली आणि पुन्हा पहिल्या ओळीवर उतरली. ओळ तीच, पण या खेपेला वळणं नवी.

"वाहवा!" बुवा म्हणाले. बैठकीत म्हणतात तसं, अगदी मोकळ्या गळ्यानं.

पुढच्या तीन रांगा वळून बघू लागल्या. श्रीरंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं बुवांच्या हातावर हात ठेवला.

"बुवा, इथं मधे दाद देत नाहीत. शेवटी टाळ्या वाजवायच्या."

"शेवटी?... मग तोवर त्यानं कुणाच्या जोरावर गायचं?"

पण बुवा गप्प झाले. शिष्याचा हात त्यांनी हातावर तसाच राहू दिला.

पुढच्या गाण्यात दाईनं कपडे काढायला मशीनमध्ये डोकं घातलं. डोकं बाहेर आलं, टोप आतच राहिला. दाराच्या खिट्टीत अडकला होता. दिव्याखाली टक्कल लख्ख दिसू लागलं. हे ठरलेलं नव्हतं. वाजवणाऱ्यांचे चेहरेच सांगत होते.

सभागृह गार पडलं. सभ्य माणसं ती. हसलं तर वाईट दिसेल म्हणून सगळे आपापले गुडघे न्याहाळत बसले.

दाईनं टोप ओढला. निघेना. तिनं तीच ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा ओढला... तिसऱ्यांदा ओळ आली ती खालच्या आवाजात, टोपाचीच मनधरणी करत. वाद्यं थांबली होती. सूर मात्र तसूभर हलला नव्हता.

'चुकला बिचारा,' श्रीरंगच्या मनात आलं. त्यानं बुवांकडे पाहिलं. बुवांचे डोळे भरले होते. ओठ घट्ट मिटलेले. हात त्याच्या हाताखाली निमूट.

एवढ्या माणसांत त्या गाणाऱ्याचं कुणी नव्हतं. जो एक होता, त्याला श्रीरंगनं गप्प बसवलं होतं.

चौथ्यांदा ओळ आली. रुसलेल्या पोराला आई घास भरवते, तशी.

"वाह!"

कोण बोललं ते श्रीरंगला क्षणभर कळलंच नाही. मग पुढच्या रांगा वळल्या, त्याच्याकडे.

गाणारा थांबला. अंधारात त्यानं आवाजाच्या दिशेला पाहिलं, छातीवर हात ठेवला... आणि मग जो सुटला तो आवरेना. टोपाशी भांडला, त्याच्या पाया पडला, सारं सुरात. वाद्यं धावत त्याच्या मागे आली. सभागृह पोट धरधरून हसलं. बुवा तर टोपी काढून हसत होते.

प्रयोग संपल्यावर तो टकलू माणूस बाहेर शोधत आला. "तुम्हीच ना?" एवढं मोडक्या इंग्रजीत विचारून त्यानं श्रीरंगचे दोन्ही हात धरून ठेवले. खरं तर आभार श्रीरंगलाच मानायचे होते, कशाबद्दल ते नीट सांगता आलं नसतं. बुवांनी त्या माणसाला वाकून नमस्कार केला.

दोघं मांडवी नदीच्या काठानं बसस्टँडकडे निघाले.

"बुवा, मघाशी तुमच्या हातावर हात ठेवला... क्षमा करा."

बुवा चालत राहिले.

"समितीला नको म्हणून कळवतो. मी अजून तयार नाही."

"गातो म्हणून कळव."

श्रीरंग जागीच उभा राहिला. "पण दोन महिने तुम्ही माझं गाणं पुरतं ऐकलंसुद्धा नाही, बुवा."

"आज ऐकलं की, अंधारात... एकच सूर होता. लागला."