काळा खण

डोंगरापलीकडच्या एका गावात एक सुतार होता. हात असा की त्याने जोडलेल्या दोन फळ्यांमधून मुंगीलाही वाट मिळायची नाही. आणि तोंड असं की ‘हे मला जमलं नाही’ हे वाक्य त्यातून कधी बाहेर पडायचं नाही.

त्याच गावात एक म्हातारे वैद्यबुवा राहत. आसपास दुसरा वैद्य नव्हता. त्यांची नजर मंदावत चालली, तेव्हा ते काठी टेकत सुताराकडे आले.

“औषधांसाठी एक छोटं कपाट करून दे बाबा,” ते म्हणाले. “ओढायचे खण सगळे एकाच मापाचे कर. औषध खलायला बसलो की मी ते बाहेर काढून भोवती मांडतो. पण लाकडं दोन घे. साध्या औषधांचे खण फिकट, जहरी औषधांचे काळे. मला आता अक्षर दिसत नाही, काळं-गोरं तेवढं कळतं.”

“मग फिकट खणांतलं कुठलं औषध कुठलं, ते कसं ओळखाल?”

“चिमूटभर जिभेवर टाकून. काळ्यातलं मात्र जिभेला लावायचं नाही. म्हणजे बघ, माझा जीव तुझ्या लाकडावर आहे.”

“निर्धास्त राहा, बुवा. दसऱ्याला कपाट तुमच्या ओसरीवर असेल.”

सुतार मन लावून कामाला लागला. फिकट खणांना पिवळसर हळदू, काळ्यांना शिसव. दोन्ही लाकडं शेजारी ठेवली की बघणाऱ्याचं भान हरपावं. शेवटचा काळा खण तेवढा राहिला होता. त्यासाठी शिसवाची फळी कापायला घेतली, तर ती आतून पोखरलेली निघाली.

दुसरं शिसव मिळायचं तर जंगलातून गाड्या येईपर्यंत थांबायला हवं होतं. दसरा तर तोंडावर आला होता. ‘थोडं थांबा’ म्हणायची सुताराला लाज वाटली. त्याने तो खण हळदूचाच केला आणि हिरड्याचा काढा नि लोखंडाच्या गंजाचं पाणी चोळून चोळून काळा करून टाकला. वर तेलाचा हात फिरवला.

बायको म्हणाली, “अहो, निदान बुवांना सांगून तरी ठेवा.”

“सांगायचं काय त्यात? काळं दिसतंय ना?”

दसऱ्याला सगळा गाव कपाट बघायला लोटला. बुवांनी खणांवरून हात फिरवत तोंडभरून आशीर्वाद दिला. सुताराची छाती फुगली.

बुवा औषधं लिंबाच्या रसात खलत, आणि त्याच ओल्या बोटांनी खण ओढत. शिसवाला त्याचं काही झालं नाही. रंगवलेल्या खणाचा काळा रंग मात्र लिंबाने हळूहळू उतरू लागला. उन्हाळ्यात सुतार खोकल्याचं औषध न्यायला गेला, तेव्हा त्याने ते पाहिलं. ओसरीवर चार माणसं बसली होती. त्यांच्यासमोर कसं बोलायचं? नंतर गुपचूप येऊन रंग देऊ, असं ठरवून तो घरी गेला. ते नंतर काही आलं नाही.

एके दिवशी कुंभारीण तापाने फणफणलेलं पोर घेऊन आली. बुवांनी हाताला लागला तो फिकट खण पुढे ओढला आणि चिमूटभर पूड जिभेवर टाकली. चव कळेना, म्हणून आणखी चिमूटभर टाकली. मग जीभ बधिर झाली, ओठ बधिर झाले. “पोराला यातलं देऊ नकोस,” एवढं म्हणून ते आडवे झाले.

सुतार धावत आला. बुवांचे पाय धरून त्याने सगळं सांगितलं. तो ढसाढसा रडत होता.

बुवांचे शब्द जड झाले होते. “अरे, शिसव नव्हतं तर नव्हतं. मला सांगितलं असतंस, तर त्या खणाला मी एक दोरा बांधला असता.”

दिवस मावळायच्या आत बुवा गेले.

गावाने सुताराला शिक्षा केली नाही. कामं येत राहिली. पण आजारी माणसाला खाटेवर घालून दूरच्या गावच्या वैद्याकडे नेणारे त्याच्याच दारावरून जात. त्यांची चाहूल लागली की तो रंधा खाली ठेवी आणि ते दिसेनासे होईपर्यंत मान वर करत नसे.

तात्पर्य इतकंच: कामात उणीव राहिली तर ती वेळीच सांगावी. सांगितलेल्या उणिवेवर इलाज करता येतो, लपवलेली उणीव जीव घेते.