खालच्या घाटाची ओंजळ

एका ओढ्याच्या काठी एक रंगारीण राहायची. वडिलांच्या माघारी कापड रंगवायचा कारखाना तिच्याकडे आला होता. ओढ्याच्या खालच्या अंगाला विणकरांची वस्ती होती. त्यांनी विणायचं आणि हिने रंगवायचं, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं.

कारखान्याची एक जुनी रीत होती. सांजेला रंगाचे हौद धुतले, की ते पाणी ओढ्याला मिळतं त्या खालच्या घाटावर मालकाने उतरायचं आणि सगळ्यांदेखत ओंजळभर प्यायचं. कडू लागलं तर भट्टी बंद. आधी हौदाचं पाणी खड्ड्यात निवळायचं, मगच पुढचं काम.

एकदा एका व्यापाऱ्याने लाल भुकटी आणून दिली. कापड निम्म्या वेळात रंगू लागलं. त्या सांजेला रंगारणीने ओंजळ तोंडाला लावली. पाणी कडू होतं, जीभ बधिर झाली. पण मागे कामगार उभे, दारात गिऱ्हाइकं खोळंबलेली. भट्टी विझवली तर एवढ्या माणसांनी खायचं काय, या धास्तीने तिने भट्टी चालूच ठेवली. दुसऱ्या दिवशी ती हौदांच्या वरच्या अंगाला जाऊन प्याली. ओढा तर तोच की, असं तिने मनाला बजावलं. म्हाताऱ्या मुकादमाने नुसती मान फिरवली.

धंदा वाढला, नवे हौद बांधले.

एक दिवस विणकरांच्या वस्तीतली मावशी कापडाचा गठ्ठा घेऊन आली. आई गेल्यावर रंगारणीला हिनेच भरवलं होतं.

"पोरी, हल्ली पाणी कडवट लागतं गं. तू पितेस ना रोज?"

"पिते की, मावशी."

"मग आमच्याच जिभा म्हाताऱ्या झाल्या म्हणायच्या," मावशी हसली आणि गेली.

पुढे कापड येईनासं झालं. हौद कोरडे पडले, कामगार पांगले. शेवटी रंगारीण खाली गेली. माग थंड, दारं ओढलेली. एक बाई तेवढी बोचकं बांधत होती. आधी गुरं दगावली, मग मावशी गेली, आता उरलेलेही निघाले, असं तिने सांगितलं.

"मावशी शेवटपर्यंत हेच पाणी मागायची. म्हणायची, आमची पोर पिते, म्हणजे चांगलंच असणार."

सांजेला रंगारीण खालच्या घाटावर उतरली. ओंजळ भरून प्याली. पाणी पुन्हा गोड होतं.

बघायला मागे कुणीच नव्हतं.

तात्पर्य: आपल्या धंद्याचं पाणी धन्याने आधी स्वतः प्यावं, खालचा घाट उजाड झाला की वरची भट्टीही विझतेच.