कराडचा वाचक

“पण बुवा, ब्लॉग आहे तिथंच ठेवू, की नव्या जागी हलवू?”

उन्मेष गद्रेनं पुन्हा विचारलं. सदाशिवबुवा मठाच्या ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. दुपारच्या पंगतीला पावट्याची आमटी होती आणि बुवांच्या लेखी ती या प्रश्नापेक्षा महत्त्वाची होती.

“हलवून काय होणार?”

“नवं टूल मिळेल. अक्षरं सुबक, लेख मोबाइलवर झटकन उघडणार. शिवाय कोण वाचतं, कुठून वाचतं, कुठल्या ओळीवर कंटाळून पळतं, सगळं कळतं. आत्ताही कळतं, पण नव्यात जास्त.”

“माझ्या कीर्तनात कोण कंटाळलं ते मलाही कळतं. माणूस घोरायला लागतो.”

उन्मेष हसला, पण बेतानंच. कराडमध्ये लोक त्याला लेखक म्हणत. कुणी म्हणायचं विसरलंच, तर तो स्वतः आठवण करून देई. गेल्या वर्षापासून मात्र वाचक गळत चालले होते. नव्या टूलचा हव्यास त्यासाठीच होता. हे तो बुवांपुढं बोलला नाही.

“किती जण येतात वाचायला?”

“संख्येचं काय घेऊन बसलात, बुवा! दर्जा बघायचा.” उन्मेषनं मोबाइल पुढं केला. “हा बघा. एक वाचक आहे, आपल्या कराडचाच. नाव कळत नाही, पण रोज येतो. जुने लेखसुद्धा उकरून वाचतो. खरं सांगू? आता त्या एकासाठीच लिहितो. तो यायचा थांबला, तर त्याच दिवशी ब्लॉग बंद.”

“मोठा रसिक दिसतोय. काय आवडतं त्याला?”

“अहो, त्याला फसवता येत नाही! पुरस्कार मिळाला तेव्हाचं माझं भाषण टाकलं होतं. गावानं वाहवा केली. यानं दुसऱ्यांदा ढुंकूनही पाहिलं नाही.”

“आणि अण्णांवरचा लेख?”

अण्णा म्हणजे उन्मेषचे वडील, बुवांचे लहानपणापासूनचे मित्र. त्यांना जाऊन वर्ष उलटलं होतं.

“तो सारखा उघडतो. पण... मध्येच थांबतो. शेवटापर्यंत कधी जात नाही.”

“येतो कधी हा?”

“सकाळी. चहाच्या वेळेला.”

“आणि तू चहा पिताना काय करतोस?”

“मी? मी आपला ब्लॉग उघडून...”

बुवा शेंगा सोलत राहिले.

“लॅपटॉपवरच्या माझ्या फेऱ्या मोजू नको, असं टूलला सांगून ठेवलं होतं,” उन्मेष हळूच म्हणाला. “मोबाइलचं सांगायचं राहिलं.”

बुवा इतके खदखदून हसले की मांडीवरचं ताट कलंडलं आणि दाणे ओसरीभर झाले. उन्मेषला हसू आलं नाही. त्याला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त दुःख झालं.

“म्हणजे कुणीच नाही. मीच माझ्या दाराची कडी वाजवायची, आणि पाहुणे आले म्हणून मीच नाचायचं! संपलं. आत्ता पुसून टाकतो सगळं.”

त्याचा अंगठा बटणाकडं गेला. बुवांनी मोबाइल काढून घेतला.

“तो कुठं थांबतो?”

“कोण?”

“कराडचा वाचक. अण्णांच्या लेखात.”

“जाऊ द्या ना, बुवा.”

“वाच.”

मोबाइल परत त्याच्या हातात आला. उन्मेषनं आपल्या भाषणाच्या आवाजात सुरुवात केली. हळूहळू तो आवाज उतरला.

“...आणि त्या पहाटे अण्णा तृप्त मनानं, हसतमुखानं गेले...”

तो थांबला.

“हसत गेला?” बुवांनी विचारलं.

“नाही.”

“मग?”

“त्यांना जायचं नव्हतं, बुवा. माझा हात सोडत नव्हते. भीती वाटतेय रे, म्हणाले. असं कुणी लिहितं का? लोक काय म्हणतील?”

“कुठले लोक?”

उन्मेष मोबाइलकडं पाहत राहिला.

बुवांनी उपरण्यानं डोळे पुसले. मित्र त्यांचाही गेला होता. मग ते वाकून एकेक दाणा वेचू लागले.

“एकच आहे तुला,” ते म्हणाले. “रोज येतो आणि तिथं येऊन खोळंबतो बिचारा. त्याला पुढचं वाचू दे की.”